पावसाळी गटारात काय जातं आणि त्याचा जाब कोण विचारतं?
मुंबई-ठाण्यातल्या सोसायटी कमिट्या, गॅरेज आणि हॉटेलमालक यांच्यासाठी माहितीपत्रक

मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी आपल्या आवारातल्या पावसाळी चेंबरचं झाकण उचलून बघा. आत पाणी वाहत असेल, तर ते पावसाचं नाही. कुणाचं तरी वॉशिंग मशीन, तळमजल्यावरच्या हॉटेलची मोरी नाहीतर पार्किंगमधला गाड्या धुण्याचा नळ त्या लाईनला जोडलेला आहे. फ्लॅटचं काम काढलं की प्लंबर जवळ दिसेल त्या पाइपात जोडणी देऊन मोकळा होतो. कमिटीला ते कळतं नोटीस आल्यावर.

आपल्याकडे या दोन लाईन वेगळ्या आहेत. मलनिःसारणाची लाईन प्रक्रिया केंद्राकडे जाते. पावसाळी लाईन रस्त्याकडेच्या गटारातून नाल्यात आणि नाल्यातून थेट खाडीत जाते, मध्ये कुठेही पाणी शुद्ध होत नाही. मिठी नदी पवई-विहारकडून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटर वाहते. भर उन्हाळ्यातही तिच्यात काळं पाणी दिसतं, ते अशाच जोडण्यांमुळे आणि मलनिःसारणाची लाईनच नसलेल्या वस्त्यांमुळे.

आता जाब कोण विचारतं ते पाहू. पहिलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. ते १९७० साली स्थापन झालं आणि केंद्राचा १९७४ चा जलप्रदूषण कायदा राज्यात राबवतं. या कायद्याचं कलम २४ सांगतं की प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडायचा नाही, सोडूही द्यायचा नाही. ‘प्रवाह’ या शब्दात नदी-नाल्यांबरोबर समुद्र आणि भरती-ओहोटीचं पाणीही येतं. यातल्या ‘जाणूनबुजून’कडे नीट लक्ष द्या. नोटीस हातात पडल्यावर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे उत्तर संपतं. कलम ३३अ खाली मंडळ एखादा व्यवसाय बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचाही आदेश देऊ शकतं. गॅरेजवाल्यांना दंडापेक्षा याचीच धास्ती जास्त असते आणि ती रास्त आहे.

मंडळाचे अधिकारी नमुना घ्यायला आले तर गडबडून जाऊ नका. विश्लेषणासाठी घेतोय अशी नोटीस त्यांनी द्यायची असते. नमुना तुमच्यासमोर दोन भागांत करून बाटल्या सील करायच्या आणि त्यावर त्यांची व तुमची सही घ्यायची, अशी कलम २१ ची रीत आहे. त्या वेळी तिथे हजर राहा आणि दुसरा भागही तपासणीला पाठवा अशी मागणी करा. नमुन्याच्या वेळी मालक गायब झाला, तर पुढे वाद घालायला जागा उरत नाही.

दुसरी महापालिका. इथे खरा गोंधळ आहे, कारण पर्जन्य जलवाहिन्या, मलनिःसारण आणि घनकचरा ही तीन वेगळी खाती आहेत. गटारात कचरा टाकण्याला घनकचरा नियमांनी बंदी आहे. राडारोड्यासाठी २०१६ पासून वेगळे नियम आहेत आणि त्याने गटार अडता कामा नये, असं ते सांगतात. दुरुस्ती सुरू असलेल्या इमारतींनी लाद्या कापतानाच्या चिखलाकडे खास लक्ष द्यावं. तो पाण्याबरोबर जाळीतून खाली उतरतो, तळाशी घट्ट बसतो आणि नंतर जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गटार साफ करणाऱ्या जेटिंग मशीनलाही दाद देत नाही. तो गोणीत भरून राडारोड्याबरोबर पाठवा.

तिसरा राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ. सांडपाण्यावर प्रक्रिया न करता ते नाल्यात सोडणाऱ्या स्थानिक संस्थांकडून भरपाई घ्यावी, असं त्याने २०१९ मध्ये ठरवलं. दर होता नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपये. आमच्या मते, अलीकडे सोसायट्यांकडे येणाऱ्या नोटिसांचा रेटा काही अंशी इथूनच आला आहे.

अमेरिकेत तिथल्या जलप्रदूषण कायद्यातल्या १९८७ च्या दुरुस्तीनंतर शहराच्या पावसाळी गटारांनाच परवाना लागतो आणि एक एकर किंवा मोठ्या बांधकामांनाही तो घ्यावा लागतो. आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही. इथे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर पैसा गेला तो गटारांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटर करण्यात आणि पंपिंग स्टेशनांत. ते गरजेचंच होतं. पण त्यातून पाणी लवकर जातं, स्वच्छ जात नाही. दरवर्षीची नालेसफाईही पाणी तुंबू नये म्हणूनच असते.

पावसाळी लाईनमधल्या चुकीच्या जोडण्या शोधून दुरुस्त करणं हे आमचं काम, ते इथून सुरू होतं. प्रत्येक विंगच्या एकेका संडासात आणि मोरीत हिरवा रंग टाकून आम्ही खालची झाकणं उघडी ठेवतो. पावसाळी चेंबरात हिरवं पाणी आलं की चोर सापडला. ती जोडणी तोडून मलनिःसारणाच्या लाईनला देतो आणि आधी-नंतरचे फोटो कमिटीला देतो. महापालिकेला उत्तर देताना ते उपयोगी पडतात. हॉटेलला तेलकट पाणी अडवणारी टाकी बसवून देतो. ती दर आठवड्याला साफ केली नाही तर बसवून फायदा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गॅरेजचं जुनं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते आम्ही नेत नाही. ते अधिकृत पुनर्वापर केंद्रालाच द्या आणि पावत्या जपून ठेवा.

माणूस चेंबरात उतरवून स्वस्तात काम करून देतो, असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आम्ही फक्त जेटिंग आणि सक्शनच्या गाडीने काम करतो. गाडी आवारात आत येऊ शकत नसेल तर तसं आधी कळवा, लांब पाइप घेऊन येऊ.

आम्ही येण्याआधी मंजूर ड्रेनेज नकाशा शोधून ठेवा. जुन्या इमारतींत तो बहुतेक वेळा सापडतच नाही. मग पहिला दिवस झाकणं मोजून कच्चा नकाशा काढण्यातच जातो. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.