काडीकचऱ्यातली साखर: पूर्वप्रक्रियेची दोनशे वर्षे

पेंढा, मक्याची धाटे, उसाचे चिपाड यांत साखर असते, हे १८१९ पासून माहीत आहे. त्या वर्षी फ्रेंच रसायनतज्ज्ञ आंरी ब्राकोनो यांनी लाकडाचा भुसा आणि चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून साखर मिळवली. १८३८ मध्ये आन्सेल्म पायेन यांनी त्यातला मूळ पदार्थ, सेल्युलोज, वेगळा काढला. पुढच्या दोनशे वर्षांचा झगडा इंधन आणि रसायने बनवण्यासाठी ती साखर परवडेल अशा खर्चात बाहेर काढण्याचा आहे.

अडचण वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतच आहे. सेल्युलोजचे घट्ट बांधलेले तंतू, त्यांना वेढणारे हेमिसेल्युलोज आणि या सगळ्यांत मुरलेले लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ. वाऱ्या-पावसात आणि कीड-बुरशीपुढे टिकून राहण्यासाठीच ही रचना घडली आहे. ती आधी सैल केली नाही, तर एन्झाइमच्या, म्हणजे सेल्युलोज फोडून साखर करणाऱ्या प्रथिनांच्या, हाती थोडीच साखर लागते. ही सैल करण्याची पायरी म्हणजे पूर्वप्रक्रिया.

सुरुवातीला आम्लानेच सगळे काम उरकले जाई. जर्मनीत शोलर आणि बेर्गियुस यांच्या पद्धतींनी लाकडापासून साखर काढली गेली, पण आम्लाने यंत्रे गंजत आणि उष्णतेत बरीच साखरही नासे. रसायनांच्या बाजूने मात्र एक यश लवकर मिळाले: १९२२ मध्ये अमेरिकेत क्वेकर ओट्सने ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल हे औद्योगिक रसायन बनवायला सुरुवात केली. ते हेमिसेल्युलोजमधल्या साखरेपासून तयार होते. टाकाऊ टरफलाला बाजार मिळवून देणारी ही घटना मला इंधनाच्या कथेइतकीच मोलाची वाटते.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर सैन्याचे सुती तंबू आणि कापड कुजू लागले. त्याच्या कारणाच्या शोधातून सुतातले सेल्युलोज फोडणारी ट्रायकोडर्मा ही बुरशी हाती आली. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स या अमेरिकी संशोधकांनी तिच्या एन्झाइमांवर दीर्घकाळ काम केले, आणि पुढे तिच्या एका प्रजातीला रीस यांचेच नाव मिळाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सेल्युलोज फोडायचे काम एन्झाइमकडे सोपवण्यावर भर वाढला. मग त्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी सौम्य आम्ल, उच्च दाबाच्या वाफेचा स्फोट, अमोनिया, अल्कली, सेंद्रिय द्रावके असे सगळे मार्ग कसाला लागले.

तरी कारखान्यात प्रश्न सुटला नव्हता. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एमेट्सबर्ग येथे पोएट-डीएसएम या कंपनीने २०१४ मध्ये मक्याच्या धाटांपासून इथेनॉल बनवणारा कारखाना उघडला. तिथे पूर्वप्रक्रियेचीच अडचण मोठी ठरली. २०१७ मध्ये ती दूर झाल्याचे कंपनीने जाहीर केले, पण २०१९ मध्ये तिथले व्यापारी उत्पादन थांबले.