डुओक्रोम की मल्टिक्रोम? गेमवर बेतलेल्या आयशॅडो पारखताना

मनगटाच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीचा पट्टा ओढला, टेबललॅम्प लावला आणि हात कोपरापासून सावकाश वळवायला लागले. आयशॅडोच्या डबीवर लिहिलं होतं मल्टिक्रोम, म्हणजे बाजू बदलली की दोनाहून जास्त रंगांतून सरकत जाणारी शेड. वर्णनात हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी असे चार रंग मोजून दिलेले. शेडचं नाव एका गेममधल्या जादुई स्फटिकावरून घेतलं होतं. समोरून पट्टा मोरपंखी दिसला. हात वळवला, तशी जांभळी झाक आली. आणखी वळवला, तर झाक गेली आणि तोच मोरपंखी जरा काळपट होऊन परत आला. खिडकीपाशी नेला, काळ्या बेसवर, म्हणजे शेडखाली लावायच्या काळ्या थरावर, लावून पाहिला, पण तिसरा रंग काही आला नाही.

शेड वाईट अजिबात नव्हती. डुओक्रोम म्हणून, म्हणजे दोनच रंग दाखवणारी शेड म्हणून, ती मी पाहिलेल्या चांगल्या शेड्सपैकी एक होती. पण पैसे मोजले होते मल्टिक्रोमचे. शिवाय ज्या स्फटिकावरून तिचं नाव घेतलं होतं, त्याची ओळखच मुळी सतत पालटणाऱ्या रंगांची होती. छोट्या निर्मात्यांच्या आयशॅडोमध्ये हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि गेमवर बेतलेल्या कलेक्शनमध्ये तर जास्तच. गेममधली प्रत्येक मौल्यवान वस्तू चमकते, लकाकते, रंग बदलते. मग तिच्या नावाच्या शेडला भारदस्त शब्द लावायचा मोह होतो. या शब्दांना कुठली कायदेशीर व्याख्या नाही, त्यामुळे कोणी अडवतही नाही. म्हणून परीक्षण लिहिणाऱ्याने तरी हा फरक पक्का ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

डुओक्रोम समजायला धूपछाव रेशीम आठवा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापड एका बाजूने बघितलं की एक रंग वर येतो, दुसऱ्या बाजूने बघितलं की दुसरा. दोन्ही रंग कापडात आधीपासूनच असतात, आपण फक्त बघायची बाजू बदलतो. डुओक्रोममध्येही असंच काहीसं घडतं. खाली एक ठाम रंग असतो, लोह ऑक्साइडचा तपकिरी, अल्ट्रामरीनचा निळा किंवा कार्माइनचा लाल. त्यावर अभ्रकाचे अगदी पातळ पापुद्रे पसरलेले असतात आणि त्यांना एकच झाक असते. उजेड समोरून परतला की झाक दिसते, नाहीतर खालचा रंग.

ही झाक कुठल्या रंगाची भुकटी घालून आणलेली नसते. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात, जेमतेम शंभर-सव्वाशे नॅनोमीटरच्या आसपासचा. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही तरंगलांबी एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना मारतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग असेच होतात. थर वाढवत नेला की झाक रुपेरीवरून सोनेरी होते, मग लाल, निळी, हिरवी. रंगद्रव्य तेच, फक्त जाडी वेगळी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरातल्या सगळ्या डब्या उघडून बसले होते.

एक प्रयोग जरूर करा. निळी झाक असलेलं साधं पारदर्शक पिगमेंट मिळालं, तर त्याचा एक पट्टा पांढऱ्या कागदावर आणि एक काळ्या कागदावर ओढा. काळ्यावर लख्ख निळं दिसेल. पांढऱ्यावर समोरून निळसर आणि तिरकं बघितलं तर फिकट पिवळं. जो निळा परतला तो वजा झाला, उरलेला प्रकाश पापुद्र्यातून आरपार गेला, पांढऱ्या कागदाला आपटून पिवळा होऊन परत आला. काळा कागद तो उरलेला प्रकाश गिळून टाकतो. काळ्या बेसवर अशा शेड्स इतक्या खुलतात त्या यामुळेच.

मल्टिक्रोममध्ये मात्र रंग बदलण्याचं काम एकट्या पापुद्र्याकडे असतं. खालच्या रंगाची त्याला गरज नाही. मग साध्या अभ्रकाच्या पापुद्र्यालाही बाजू बदलली की रंग बदलता यायला हवा, नाही का? येतो, पण इतका थोडा की डोळ्याला जेमतेम जाणवतो. टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशाला फार वाकवतं. बाहेरून किरण कितीही तिरका आला तरी थरात शिरल्यावर तो जवळजवळ सरळ होतो, म्हणून थरातलं त्याचं अंतर फारसं बदलत नाही. सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, प्रकाशाला त्यामानाने कमी वाकवते. गणित मांडलं तर फरक डोळ्यांपुढे येतो. समोरून ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा परतवणारा थर घ्या आणि ६० अंश कलून बघा. थर टायटॅनियम डायऑक्साइडचा असेल तर रंग साधारण ५१५च्या आसपास सरकतो, म्हणजे हिरवाच राहतो. थर सिलिकाचा असेल तर थेट ४४०च्या घरात जातो, निळ्या-जांभळ्यात. म्हणून मल्टिक्रोम पिगमेंटमध्ये असा कमी वाकवणारा थर मुद्दाम बसवलेला असतो, आणि त्याची जाडी सगळ्या कणांत सारखी ठेवावी लागते. ते काम किचकट, म्हणून माल महाग.

या गणितातून परीक्षणात फार उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. मल्टिक्रोम कसाही उड्या मारत नाही. समोरून तिरक्याकडे जाताना त्याचा रंग लांब तरंगलांबीकडून छोट्याकडे सरकतो, शेजारच्या रंगातून शेजारच्या रंगात. लालवरून नारंगी, सोनेरी, हिरवट. हिरव्यावरून निळा, जांभळा. मधले टप्पे गाळून निळ्यावरून थेट नारंगीत पोचणारी शेड दिसली तर ती बहुधा डुओक्रोम आहे, वर्णन काहीही म्हणो.

आता गेमकडे या. २००७ साली आलेल्या ‘पोर्टल’ची ओळख म्हणजे निळं दार आणि नारंगी दार. एकातून शिरा, दुसऱ्यातून बाहेर पडा, मधला प्रवास नाहीच. या कल्पनेला डुओक्रोमच शोभतो, खालचा रंग नारंगी आणि त्यावर निळी झाक. इथे कोणी हौसेने मल्टिक्रोम वापरला तर दोन दारांच्या मध्ये भलतेच रंग येतील आणि गेमचा गाभाच हरवेल. ‘माइनक्राफ्ट’मध्ये मंतरलेल्या हत्यारावरून जांभळी लकाकी सरकत जाते. हिऱ्याची तलवार खाली आकाशी, वर ती लकाकी. हाही नमुनेदार डुओक्रोम. अशा शेडला कोणी नुसतं डुओक्रोम म्हटलं म्हणून तिची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही. निर्मात्याने गेम नीट खेळलाय हेच त्यातून दिसतं.

उलट २०१६च्या ‘स्टारड्यू व्हॅली’तला प्रिझमॅटिक शार्ड घ्या. सप्तरंगी तुकडा. वाळवंटातल्या तीन खांबांच्या मधोमध तो उंच धरला की गॅलेक्सी सोर्ड मिळते. त्याच्या नावाची शेड दोनच रंग दाखवत असेल तर खेळणाऱ्याला ती फसवणूक वाटणार. इथे मल्टिक्रोमच हवा, आणि सात रंगांचं वचन एका पिगमेंटने पुरं होणार नाही हेही निर्मात्याने कबूल करायला हवं.

‘जर्नी’ या २०१२च्या गेममधली वाळू मी यातून मुद्दाम बाजूला ठेवते. ती रंग बदलत नाही, तिच्यातले कण सुटे सुटे चमचमतात. ते काम बोरोसिलिकेट काचेच्या ठिपक्यांचं. त्याला दोन्हींपैकी कुठलाच शब्द लावू नये.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधलं आहे. तिथे वस्तू किती दुर्मीळ आहे हे तिच्या नावाच्या रंगावरून कळतं. बऱ्यापैकी वस्तू हिरवी, दुर्मीळ निळी, त्याहून वरची जांभळी. हिरवा, निळा, जांभळा! सिलिकाच्या थराचा हिरवा पापुद्रा हात वळवताना जसा सरकतो, नेमका तोच क्रम. हे जुळून आलेलं लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. जांभळ्याच्या पुढची पायरी मात्र नारंगी, लेजंडरी, आणि ती या वाटेवर येत नाही. ती जोडायची तर वेगळी शेड घ्यावी लागणार.

तपासायचं कसं, तर मी एकच दिवा वापरते. दोन-तीन दिवे असले की प्रत्येक दिव्याची झाक वेगळ्या जागी पडते आणि डुओक्रोमसुद्धा चार रंगांचा भासतो. दिवा स्थिर, डोळा स्थिर, फक्त हात फिरतो. एक पट्टा उघड्या त्वचेवर, एक काळ्या बेसवर. दोन्ही पट्ट्यांवर तिरक्या बाजूला काय उरतं ते बघायचं. डुओक्रोममध्ये झाक गेल्यावर शेडचा खालचा सपाट रंग उरतो, मॅट किंवा मॅटसारखा. मल्टिक्रोममध्ये तिरक्या बाजूलाही धातूसारखी चमक टिकते, फक्त तिचा रंग दुसरा असतो. रंग मोजण्यापेक्षा ही खूण मला जास्त भरवशाची वाटते. रंग मोजायला गेलं की मोरपंखी हा हिरवा धरायचा की निळा यावर वाद होतात, आणि दोन रंगांचे तीन सहज होतात.

फोनची मॅक्रो लेन्स असेल तर तीही लावा. डुओक्रोमच्या पट्ट्यात सपाट रंगाच्या भुकटीवर एकाच झाकेचे ठिपके दिसतात. मल्टिक्रोमच्या पट्ट्यात शेजारशेजारचे दोन कण वेगवेगळ्या रंगांचे दिसतात, कारण एक जरासा इकडे कललेला असतो, दुसरा तिकडे.

घटकांच्या यादीवरून मात्र निकाल लावू नका. मायका (म्हणजे अभ्रक), टायटॅनियम डायऑक्साइड, टिन ऑक्साइड दोन्हींकडे असतात. सिलिका दिसली म्हणून मल्टिक्रोम समजावं तर ती साध्या मॅट शेडमध्येही तेल शोषायला घालतात. काही निर्माते निळ्या झाकेचे आणि लाल झाकेचे पापुद्रे एकत्र करून त्याला मल्टिक्रोम म्हणतात. ते नुसतं मिश्रण. दुरून जांभळट दिसतं, हात वळवला तरी एका रंगातून दुसऱ्यात सरकत नाही.

फोटो हा तर मोठाच घोळ. एका फोटोत मल्टिक्रोम एकरंगी दिसतो आणि डुओक्रोम दुरंगी, म्हणजे सगळं उलटंच. त्यात फोन स्वतःच्या मनाने व्हाइट बॅलन्स बदलतो, आणि हात वळवताना रंग शेडने बदलला की फोनने, हे कळेनासं होतं. म्हणून व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करून व्हिडिओ घ्यावा आणि चौकटीत पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. कागद पांढरा राहिला तर रंग खरा. गेमच्या स्क्रीनशॉटशेजारी शेड ठेवून तुलना करणारे फोटो मला फारसे पटत नाहीत. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, आयशॅडो आलेला प्रकाश परतवते. गेममधला स्फटिक अंधारातही झळाळतो, पापणीवरची कुठलीही शेड अंधारात काळीच असते. तुलना रंगाच्या चालीची करावी, झळाळीची नव्हे.

आणखी एक गोष्ट परीक्षणात विचारायलाच हवी, ते पिगमेंट डोळ्यांसाठीचं आहे का. रंग बदलणारी पिगमेंट गाड्यांच्या रंगात, नखांच्या पावडरमध्ये, रेझिनच्या कामातही वापरतात आणि ती सुटी विकत मिळतात. अमेरिकेत डोळ्याभोवती लावायच्या रंगद्रव्यांना एफडीएची, म्हणजे अन्न, औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, त्या वापरासाठी स्वतंत्र मान्यता लागते. निर्माता लहान असला तरी या प्रश्नाचं सरळ उत्तर त्याच्याकडे असलं पाहिजे. उत्तर टाळलं गेलं तर शेड कितीही देखणी असो, मी ती डोळ्यांवर लावत नाही आणि तसं लिहिते.

लावायची रीतही दोन्हींची वेगळी. डुओक्रोम ब्रशने पसरवला तरी चालतो, कडा विरघळल्या तरी खालचा रंग साथ देतो. मल्टिक्रोम घासला की पापुद्रे वाट्टेल तसे उभे-आडवे होतात आणि सगळे रंग एकमेकांत मिसळून राखाडी दिसतात. तो चिकट बेसवर बोटाने थापून, दाबून बसवायचा, म्हणजे पापुद्रे पापणीला समांतर झोपतात. डबीत किंवा मनगटाच्या सपाट भागावर तो एका वेळी एकच रंग दाखवतो. पण पापणी गोल असते. तिचा प्रत्येक भाग उजेडाकडे वेगळा कललेला असतो, त्यामुळे मान न हलवताही सगळी मालिका एकदम दिसते. ‘वॉरक्राफ्ट’च्या क्रमाने सरकणाऱ्या त्या हिरव्या-निळ्या-जांभळ्या पिगमेंटचा डोळा मी आरशात मिटून, दुसऱ्या डोळ्याने पाहिला. बुबुळावरच्या फुगीर भागावर हिरवा, दोन्ही बाजूंना उतरताना निळा आणि नाकाजवळच्या खाचेत जांभळा. मग दुसऱ्या डबीतला नारंगी काढला आणि खालच्या पापणीच्या कडेला बारीक रेघ ओढली.