चामखीळ जाळण्याआधी व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) करा

"डॉक्टर, मोड आलेत वाटतं," असं म्हणत पेशंट येतो. मूळव्याधीचं मलम महिनाभर लावून झालेलं असतं. तपासलं की गुदद्वाराभोवती मांसल उंचवटे दिसतात. ती एचपीव्ही विषाणूची चामखीळ असेल, नाहीतर सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातला कॉन्डिलोमा लाटा. सिफिलिस म्हणजे जुनी माणसं जिला गरमी म्हणतात तोच आजार.

चामखीळ बहुतेकदा एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांनी होते. ती कोरडी, खरखरीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढते. कॉन्डिलोमा लाटा चपटा, रुंद बुडाचा, गुळगुळीत आणि ओलसर असतो, वर राखाडी-पांढरा थर. जांघेत, स्तनांखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यांतही तो येतो. त्या ओलीत जंतू खच्चून भरलेले असतात, म्हणून हातमोजे घालूनच तपासावं.

तरीही नुसत्या नजरेवर मी विसंबत नाही. सिफिलिसच्या इतर खुणाही शोधते. तळहात-तळपाय उलटून बघते: न खाजणारे तांबूस डाग आहेत का? डोक्यावर कुरतडल्यासारखे केस गेलेत का? मध्यंतरी न दुखणारी जखम होऊन आपोआप भरली होती का?

चामखीळ जाळतात, द्रव नायट्रोजनने गोठवतात किंवा औषध लावून घालवतात. कॉन्डिलोमा लाटा जाळला तर उंचवटा जातो, आजार राहतो. खरं तर तो काहीच न करताही कधीतरी जिरतो, आणि पेशंट निर्धास्त होतो. जंतू मात्र पुढे महाधमनीपर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. गरोदर बाईकडून बाळापर्यंतही.

म्हणून आधी व्हीडीआरएल, मग खात्रीसाठी टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी रक्ततपासणी, आणि सोबत एचआयव्हीची तपासणी. या टप्प्यात प्रतिपिंडं इतकी जास्त असू शकतात की व्हीडीआरएल खोटी निगेटिव्ह येते. संशय असेल तर लॅबला सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं.

उपचार एकच: बेन्झाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कमरेत, एकदाच. दुखतं, पण काम करतं. पहिल्या दिवशी ताप-थंडी आली तर ती बहुधा जंतू मरत असल्याची प्रतिक्रिया असते. ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन १४ दिवस, पण गरोदरपणात पेनिसिलिनच. जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार हवेतच. नंतर सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा व्हीडीआरएल: सीरम किती पट पातळ केलं तरी तपासणी पॉझिटिव्ह येते, तो आकडा १:६४ वरून १:१६ किंवा त्याखाली आला, तर औषध लागू पडलं.