विझलेली चूल आणि न जेवणारा साप

नवा साप घरी येतो, पहिल्याच संध्याकाळी त्याच्यापुढे उंदीर धरला जातो आणि साप त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मग दर दोन तासांनी पेटी उघडायची, साप हातात घेऊन बघायचा, भक्ष्य बदलायचं, जागा बदलायची. साप उपाशी मरेल या भीतीने केलेली ही प्रत्येक गोष्ट त्याचं जेवण आणखी लांबवते.

मुळात भीतीच अनाठायी आहे. निरोगी, पूर्ण वाढलेला बॉल पायथन (घरात पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर) काही आठवडेच काय, विणीच्या हंगामात काही महिनेही न जेवता राहू शकतो आणि तरी त्याचं वजन फारसं घटत नाही. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलाजवळ एवढा साठा नसतो. पण दहा-पंधरा दिवसांच्या उपासाने तेही सहसा संकटात येत नाही. हे कसं जमतं ते कळलं की नव्या सापाशी कसं वागायचं याची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

आपण दिवसातून दोन-तीनदा जेवतो, म्हणून आपली पचनसंस्था कायम सज्ज असते. अजगरकुळातल्या सापांना रानात दोन भक्ष्यांमध्ये कित्येक आठवडे काढावे लागतात. इतके दिवस चूल पेटती ठेवणं परवडणारं नाही, म्हणून ते ती चक्क विझवतात. बर्मी अजगरावरच्या प्रयोगांत हे फार बारकाईने मोजलं गेलं आहे. उपासाच्या काळात त्याचं जठर आम्ल स्रवणं जवळजवळ थांबवतं आणि आतला सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ७ च्या आसपास येतो, म्हणजे साध्या पाण्याइतका. लहान आतडं आक्रसतं. अन्नरस शोषणाऱ्या पेशींवर केसांसारखे सूक्ष्मांकुर असतात, ते आखूड होतात.

मग एक दिवस भक्ष्य गिळलं जातं. दिवसभरात जठराचा सामू २ च्या जवळ उतरतो. एक-दोन दिवसांत लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं, सूक्ष्मांकुर कित्येक पटींनी लांबतात, यकृत आणि मूत्रपिंडं वाढतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ तासांत हृदयाच्या जवनिकेचं (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचं) वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. ही वाढ कोण घडवतं, याचं उत्तर २०११ मध्ये मिळालं. जेवलेल्या अजगराचा रक्तद्रव उपाशी अजगराला दिला, तर उपाशी अजगराचंही हृदय वाढलं. रक्तद्रवातल्या तीन विशिष्ट मेदाम्लांच्या मिश्रणाने तोच परिणाम साधला. खूप मोठं भक्ष्य गिळलेल्या बर्मी अजगराचा ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या तुलनेत ४० पटींच्याही वर जातो, आणि तोही एका जागी वेटोळं घालून पडलेला असताना. पचन संपलं की सगळं पुन्हा आक्रसतं.

यात खर्चाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जेवणातून मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग या पचनाच्या खटाटोपातच जातो. शिवाय पहिला हप्ता अन्न पचण्याआधीच, अंगातल्या साठ्यातून भरावा लागतो. ज्या सापांना रानात वरचेवर खायला मिळतं त्यांचं आतडं दोन जेवणांमध्ये इतकं बंद पडत नाही. त्यांची चूल मंद होते, विझत नाही. एक जात पहिल्याच आठवड्यात निमूट जेवते आणि दुसरी महिना घेते, हे पाहताना दोन्ही जातींची रानातली राहणी वेगळी आहे एवढं लक्षात असू द्यावं. कॉर्न स्नेक (अमेरिकेतला, अजगरकुळाबाहेरचा बिनविषारी साप) सहसा पहिल्या प्रकारचा, बॉल पायथन दुसऱ्या.

आता तापमान. सापाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, आणि रासायनिक क्रियांचा वेग १० अंश सेल्सिअसच्या फरकाने साधारण दोन ते तीन पट बदलतो. ३२ अंशांना नीट चालणारी विकरं (अन्न पचवणारी एन्झाइम्स) २२ अंशांना रेंगाळतात. गिळलेल्या उंदराच्या पोटातले जीवाणू मात्र थांबत नाहीत. आम्ल आणि विकरं एका बाजूला, कुजण्याची क्रिया दुसऱ्या बाजूला, अशी ही शर्यत आहे. साप थंड राहिला तर ती हरली जाते आणि तो अर्धवट कुजलेलं भक्ष्य ओकून टाकतो. म्हणून थंड जागेतला साप जेवत नाही तेव्हा त्याचं वागणं योग्यच असतं, चूक पेटीची असते.

त्यामुळे पेटी साप येण्याआधी किमान दोन दिवस चालू करून तपासावी. बॉल पायथनसाठी एका टोकाला ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर. कॉर्न स्नेकला उबदार टोक २९ ते ३१ आणि थंड टोक २२ ते २५ पुरतं, आर्द्रता ४० ते ६० टक्के. हीट मॅट (पेटीखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी, म्हणजे सापाला ऊब टाळताही येते. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, ती लावूच नये. नुसती मॅट काचेला ४५ अंशांपलीकडे नेऊ शकते, आणि साप तापलेल्या पृष्ठभागावरून वेळेवर बाजूला होतीलच याचा भरवसा नसतो. पोटाखालच्या खवल्यांना भाजल्याच्या जखमा होतात त्या अशाच. तापमान मोजायचं ते साप जिथे पडून राहतो त्या पृष्ठभागावर. भिंतीला चिकटवलेला गोल तापमापक हवेचं तापमान सांगतो, तेही धड नाही.

आडोसे दोन हवेत, शक्यतो एकसारखे, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच ठेवला तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडावं लागतं, आणि तो बहुधा लपणं निवडतो. आडोसा ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत. बॉल पायथन रानात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो, चारी बाजूंनी स्पर्श म्हणजे त्याच्यासाठी निर्धास्तपणा. मोठ्या मोकळ्या काचपेटीत लहान पिलू जेवत नसेल तर तीन बाजूंना कागद लावावा आणि रिकाम्या जागेत कृत्रिम पानं, सालींचे तुकडे भरावेत. तळाला सुरुवातीला साधा टिश्यू पेपर बरा. विष्ठा, गोचिडी चटकन दिसतात. ताजं पाणी कायम हवं.

यानंतर सात दिवस सापाला हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, तापमान बघायचं, बस. सातव्या दिवशी, सांजावल्यावर, पहिलं भक्ष्य. त्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, पहिल्या वेळी किंचित कमीच. आधीच्या मालकाकडे तो काय खात होता, छोट्या जातीचा उंदीर (माऊस) की मोठ्या जातीच्या उंदराचं (रॅटचं) पिल्लू, किती मोठं, किती दिवसांनी, हे आणतानाच विचारून घ्यावं आणि सुरुवात त्याच भक्ष्याने करावी.

गोठवलेलं भक्ष्य रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात विरघळू द्यावं, मग बंद पिशवीत घालून ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवावं आणि कोरडं पुसावं. मायक्रोवेव्ह नको, त्यात एक भाग शिजतो आणि दुसरा बर्फच राहतो, पोट फुटतं ते वेगळंच. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणवणाऱ्या खाचा असतात. त्या खाचांच्या चेतातंतूंमधलं प्रथिन आपल्यातही आहे. आपल्याला त्याच्यामुळे मोहरी-वसाबीचा झणका जाणवतो, सापाला त्याच्यामुळे उंदराची ऊब ‘दिसते’. म्हणून भक्ष्याचं डोकं धडापेक्षा थोडं जास्त गरम असलं तर नेम तिकडेच लागतो. कॉर्न स्नेकला अशा खाचा नाहीत. तो जिभेने टिपलेल्या गंधावर जास्त विसंबतो. दोघांनाही भक्ष्य ३० सेंटिमीटर लांबीच्या चिमट्याने धरून, हळूच हलवत दाखवावं, नाकावर आदळू नये. झडप घातली की चिमटा सोडून मागे व्हावं.

जिवंत उंदीर देऊ नये. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि त्या जखमा खोल असतात.

साप जेवला नाही तर भक्ष्य रात्रभर आडोशाच्या तोंडाशी ठेवून सकाळी फेकावं, पुन्हा गोठवू नये. पुढचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी. रोज प्रयत्न करणं ही सगळ्यांत मोठी चूक, कारण त्यामुळे भक्ष्याचा वास आणि त्रास यांची सापाच्या लेखी जोडी जमते. डोळे दुधाळ-निळसर झाले असतील तर कात टाकेपर्यंत थांबावं. दर आठवड्याला वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवावं, पण त्यासाठी साप उचलून खेळवू नये. आडोशासकट काट्यावर ठेवून आडोशाचं वजन वजा करावं. वजन १० टक्क्यांहून अधिक घटलं, तोंड उघडं ठेवून श्वास सुरू झाला, नाकातोंडातून बुडबुडे आले, हिरड्या सुजल्या, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा. जबरदस्तीने भरवण्याचा निर्णयही त्याचाच.

या टप्प्यावर कुणीतरी हमखास सांगतं, थोडं दूध देऊन बघ. साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याचं अन्न नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल तो द्रव पितो, म्हणून ही समजूत टिकून आहे. त्या दुधाने त्याचं पोट बिघडतं.

रानातून पकडलेला साप तर पाळण्यासाठी घेऊच नये. तो परजीवी घेऊन येतो, जेवायला नकार देत झुरतो, आणि वन्यजीव कायद्याचा भंग होतो तो वेगळाच.

पहिलं भक्ष्य पोटात गेलं की ४८ तास त्याला उचलू नये. चूल पेटत असते, आणि उचलल्यावर घाबरलेला साप पळण्यासाठी हलका होतो, म्हणजे ओकतो. ओकलाच तर लगेच पुन्हा भरवू नये. आम्ल आणि विकरं वाया गेलेली असतात, अन्ननलिका भाजलेली असते. तापमान तपासावं, १० ते १४ दिवस फक्त पाणी द्यावं आणि मग निम्म्या आकाराचं भक्ष्य. पुन्हा ओकला तर पशुवैद्य. सगळं सुरळीत गेलं तर दुसरं जेवण ७ ते १० दिवसांनी, तेवढ्याच आकाराचं. सलग तीन जेवणं पोटात टिकल्यावर त्याला थोडा वेळ हातात घ्यायला सुरुवात करावी, पाच-दहा मिनिटं, जेवणानंतरचे दोन दिवस वगळून.