मोटरहोमचा एसी: टनाआधी पत्र्याचा हिशेब

मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात उभ्या गाडीचा पत्रा सहज ६० अंशांवर जातो. अशा मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, दीड टनाचा एसी लावूनही दुपारी गारवा येत नाही, ही तक्रार नेहमीची. दोष बहुतेकदा एसीचा नसतो.

छत १० चौरस मीटरचं धरा. वर पत्रा ६० अंश, आत हवा २६ अंश. पत्र्याला आतून काहीच लावलेलं नसेल, तर एकट्या छतातून साधारण २,००० वॉट उष्णता आत उतरते. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. त्यातली निम्म्याहून जास्त ताकद छतापायीच गेली. त्याच पत्र्याला आतून २५ मिलिमीटर जाडीचा नायट्राइल रबर (उष्णता अडवणारा फोम) चिकटवला की आकडा ४०० वॉटांच्या आसपास येतो. मधल्या लोखंडी पट्ट्या उघड्या ठेवू नका, उष्णता तिथूनच वाट काढते. पुढच्या काचेचं आच्छादन बाहेरून लावा. आतल्या पडद्यावर पडलेलं ऊन काच ओलांडून आलेलंच असतं.

एवढं नीट केलं की १८-२० फुटी गाडीला एक टन पुरतो, आणि तो इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचाच घ्यावा. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो. लहान जनरेटर तिथेच मान टाकतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो आणि रात्री गाडी निवली की ३००-४०० वॉटांवर चालत राहतो. कोकणात गरजेपेक्षा मोठा एसी तर उलटाच पडतो: हवा चटकन गार होऊन कॉम्प्रेसर थांबतो, दमटपणा तसाच राहतो, अंथरूण ओलसर लागतं.

छतावरच्या एसीला अमेरिकी मापाचं सुमारे १४ इंची किंवा युरोपीय मापाचं ४० सेंटीमीटरचं चौकोनी भोक लागतं. यंत्र ३०-४५ किलोंचं असतं. नुसत्या पत्र्यावर टेकवलं तर पत्रा खचतो, खळग्यात पाणी साचतं आणि पहिल्याच पावसात आत टिपकतं. म्हणून भोकाभोवती चौकट करून ती छताच्या आडव्या पट्ट्यांना जोडा. चारही बोल्ट आलटूनपालटून, फोमचं गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ पट्टी) निम्म्या जाडीवर येईल इतकेच आवळा. जास्त आवळलं तर फोम मरतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

सर्वांत दुर्लक्षित चूक मात्र या भोकाच्या आत असते. गार हवा खाली येण्याची आणि खोलीतली हवा वर जाण्याची वाट तिथे शेजारीशेजारी असते. मधल्या आडोशाला बोटभर फट राहिली, तरी गार हवा खोलीत न येता परत वर खेचली जाते. मग कॉइलवर (एसीतल्या गार नळ्यांवर) बर्फ धरतो किंवा खोली तापलेली असतानाच कॉम्प्रेसर थांबतो. थर्मामीटर परतीच्या जाळीच्या आत धरा. तिथे खोलीपेक्षा गार लागलं तर फट आहे. ॲल्युमिनियमच्या टेपने सगळे सांधे बंद करा. अर्ध्या तासाचं काम, पण गारव्यातला फरक लगेच कळतो.

आता वीज. रात्री एसीला सरासरी ४०० वॉट, आठ तास म्हणजे ३.२ युनिट, इन्व्हर्टरमधली (बॅटरीची वीज एसीजोगी करणाऱ्या यंत्रातली) तूट धरून साडेतीन. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्केच वापरायची, म्हणून ४८ व्होल्टची १०० अँपिअर-अवर, म्हणजे सुमारे ५ युनिटांची बॅटरी घ्या. १२ व्होल्टवर १,००० वॉटांना जवळजवळ ८७ अँपिअर लागतात. बॅटरीपासून ३ मीटरवरच्या इन्व्हर्टरला १० चौरस मिलिमीटरची वायर लावली, तर जवळपास १ व्होल्ट वाटेतच जातो, वायर तापते आणि इन्व्हर्टर ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. तिथे ३५ चौरस मिलिमीटर हवी. ४८ व्होल्टवर ६ सुद्धा चालते. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरातच असू द्या. ४०० वॉटांचं सोलर उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन युनिट देतं, म्हणजे निम्मी रात्र; उरलेलं गाडी चालताना डीसी-डीसी चार्जरने (इंजिनाच्या विजेवर ही बॅटरी भरणाऱ्या यंत्राने) भरायचं. पॅनल एसीच्या गरम हवेच्या तोंडासमोर बसवू नका: हवा अडून परत आत ओढली जाते आणि एसी जास्त वीज खातो.