आरोग्य विषमता आणि सार्वजनिक खर्च (कोल्हापूर जिल्हा)

ज्यांना उपचारांची गरज अधिक पण ते मिळण्याची सोय कमी, अशा लोकांकडे शासकीय निधी जाणीवपूर्वक वळवण्याच्या धोरणाला समन्यायी आरोग्यखर्च म्हणता येईल. खर्च वाढवला म्हणजे तो समन्यायी होतोच असे नाही. वेल्समधील डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, जिथे गरज मोठी तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी असते.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः अंतराचा आहे. मोठी रुग्णालये व तज्ज्ञ डॉक्टर शहरात एकवटलेले आहेत, तर शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगड या डोंगरी तालुक्यांत वाड्या आणि धनगरवाडे विखुरलेले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट भागात ३० हजार व डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येचा निकष आहे. उपकेंद्रासाठी तो अनुक्रमे ५ हजार व ३ हजार आहे. ही सवलत योग्यच. पण मोजमाप अखेर डोक्यांचेच राहते. २०११ च्या जनगणनेत गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ३६ हजार होती, म्हणजे सवलतीच्या निकषानेही तिथे दोन केंद्रे पुरती बसत नाहीत. घाटातला पाऊस आणि पायवाटा तर या हिशेबात येतच नाहीत. गगनबावड्याहून कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (बोलीत ‘सीपीआर’) सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. तिथले उपचार स्वस्त असले, तरी गाडीभाडे, बुडालेला रोजगार आणि सोबतच्या माणसाचे जेवणखाण रुग्णाच्याच पदरी पडते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेल्या योजनेने शस्त्रक्रियांचा भार निश्चितच हलका केला. मात्र तिचा पैसा रुग्णालये असतील तिकडेच जातो आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या तिच्या कक्षेबाहेर राहतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक निधी प्राथमिक सेवेसाठी ठेवण्याचे सुचवले, ते याच कारणाने महत्त्वाचे ठरते.

ऊसतोड मजुरांचा पेच निराळा आहे. गळीत हंगामात मराठवाड्यातून आलेली कुटुंबे काही महिने फडालगतच्या खोपटांत राहतात. त्यांची मोजदाद मूळ गावी झालेली असते, पण मुलांचे लसीकरण आणि गरोदर स्त्रियांची तपासणी करायची असते ती इथल्या आशासेविकेला.