मुंबई फाल्कन्स : सुरुवातीची वर्षे

मुंबई फाल्कन्स हा एका आसनाच्या, उघड्या चाकांच्या गाड्या शर्यतीत उतरवणारा भारतीय संघ. 2019 मध्ये तो पहिल्यांदा दिसला आणि 2022 मध्ये आशियाई पातळीवरच्या विजेतेपदाशी त्याचे नाव जोडले गेले.

नावात मुंबई आहे, पण मुंबईत धावायचे कुठे? एके काळी जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. 1932 मध्ये जे.आर.डी. टाटांनी कराचीहून टपालाचे विमान आणून उतरवले, ते याच जुहूला. पुढे शहर धावपट्टीच्या कुंपणापर्यंत येऊन भिडले. आज कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या गाड्यांच्या प्राथमिक शर्यतींच्या, पुढे जाऊ पाहणाऱ्या मुंबईकर पोराला चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावे लागते. म्हणजे घरचे मैदानच नसलेला हा संघ. क्रिकेटमध्ये वानखेडेशिवाय मुंबईची कल्पना करून पाहावी!

संघाची सुरुवात एक्स-वन रेसिंग लीगमधून झाली. अरमान इब्राहिम आणि आदित्य पटेल या दोन ड्रायव्हरांनी ती 2019 च्या अखेरीस भरवली. शहरांच्या नावाचे संघ आणि देशी-परदेशी ड्रायव्हरांची सरमिसळ असा तिचा आयपीएलच्या वळणाचा घाट होता. अशा लीगमधले संघ पुष्कळदा लीगबरोबरच विस्मरणात जातात. फाल्कन्सने मात्र परदेशी शर्यतींची वाट धरली.

2021 मध्ये संघ एफ-थ्री, म्हणजे फॉर्म्युला थ्री आशियाई स्पर्धेत उतरला; फॉर्म्युला वनकडे नेणाऱ्या खालच्या पायऱ्यांपैकी ही एक. कोविडमुळे त्या वर्षीचा सगळा हंगाम दुबई आणि अबुधाबीतच उरकला गेला : 29 जानेवारी ते 20 फेब्रुवारी, 15 शर्यती. दोन्ही ड्रायव्हर भारतीय होते, मुंबईचा जेहान दारूवाला आणि बंगळुरूचा कुश मैनी. जेहान तेव्हा नवखा नव्हता. 2011 मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभर घेतलेल्या शोधात निवडलेल्या तिघांपैकी तो एक, आणि कुशचा थोरला भाऊ अर्जुन हा दुसरा. शिवाय डिसेंबर 2020 मध्ये बहारीनच्या साखीर ट्रॅकवर फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या वर्गाची, शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरून तो आला होता. आशियाई स्पर्धेत तो तिसरा आला. विजेता झोउ ग्वान्यू पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. जेहानसारखा ड्रायव्हर खालच्या वर्गात का उतरतो? फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे सुपर लायसन्ससाठी, तीन हंगामांत 40 गुण जमवावे लागतात, आणि या स्पर्धेतल्या विजेत्याला त्यातले 18 मिळत.

गाडी सर्वांना एकच : इटलीच्या टाटूस कंपनीची टी-318, सुमारे 270 अश्वशक्तीचे टर्बो इंजिन. मग संघाचे काम काय, असा प्रश्न पडतो. विंगचा, म्हणजे गाडीला हवेच्या जोराने खाली दाबणाऱ्या पंखाचा कोन, सस्पेन्शनची उंची-कडकपणा आणि टायरमधली हवा एवढेच प्रामुख्याने त्याच्या हातात. टायरचेच पाहा. मेकॅनिक गेज लावून हवा मुद्दाम कमी ठेवतो, कारण काही फेऱ्यांत रबर तापते आणि दाब आपोआप चढतो. सुरुवातीलाच हवा जास्त भरली तर तापल्यावर टायर फुगतो, रस्त्याला पुरता टेकत नाही आणि वळणावर पकड सुटते. वाऱ्याने ट्रॅकवर वाळू आणून टाकली असेल तर आदल्या दिवशीचा अंदाज कामाला येत नाही. अबुधाबीतल्या तेव्हाच्या यास मरीना ट्रॅकची एक फेरी 5.554 किलोमीटरची, म्हणजे जवळपास वांद्रे-वरळी सागरी सेतूएवढी. फक्त सेतूवर ताशी 80 ची मर्यादा आहे.

2022 मध्ये स्पर्धेचे नाव बदलून फॉर्म्युला रीजनल एशियन झाले आणि फाल्कन्सच्या गाडीतून मोनाकोच्या आर्थर लक्लेरने, म्हणजे फेरारीचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर शार्ल याच्या धाकट्या भावाने, विजेतेपद मिळवले. पाठीशी तांत्रिक बळ होते इटलीच्या प्रेमा संघाचे. त्यामुळे हे यश 'भारतीय' किती, हा वाद रास्त आहे. परवाना आणि नाव इथले, गाडीचे कसब बऱ्याच अंशी इटलीचे. पण बाहेरून तंत्र घ्यायचे आणि वर आपले नाव लावायचे, ही या खेळातली जुनीच रीत आहे. फोर्स इंडियाचा कारखानाही इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनलाच होता. 2023 मध्ये फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्ट या नावाने झालेली स्पर्धा फाल्कन्सच्याच गाडीतून सोळा वर्षांच्या आंद्रेआ किमी अँतोनेलीने जिंकली. 2025 मध्ये तो मर्सिडीजकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला.